पांढरं पडलेलं काळं प्लास्टिक
वाचकांचे प्रश्न, जुन्या गाड्यांची उत्तरं

यंदाचा पाऊस ओसरल्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत: जुन्या फोर बाय फोर गाड्यांचे मडगार्ड, फेंडर आणि बंपर यांचं प्लास्टिक विटलंय, ते पूर्ववत कसं करायचं? म्हणून हा संपूर्ण अंक त्यालाच दिला आहे.

प्रश्न: माझी २०१६ची थार आहे. चाकांवरच्या काळ्या फ्लेअर राखाडी झाल्यात, वरच्या बाजूला तर पांढुरक्या. दुकानातलं ट्रिम शाइनर लावलं की काळ्याभोर दिसतात, पण दोनदा गाडी धुतली की पुन्हा तेच. कायमचा उपाय आहे का? (चिपळूण)

रंग उडाला म्हणतो आपण, पण या प्लास्टिकवर रंग नसतोच. काजळी मिसळून ते आरपार काळं ओतलेलं असतं. फ्लेअर काढून मागची बाजू पाहा. तिथे >PP+EPDM-T20< किंवा तसं काही उठावात लिहिलेलं सापडेल. म्हणजे पॉलिप्रोपिलीन, त्यात लवचिकपणासाठी रबर आणि वीस टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पृष्ठभागावरच्या पॉलिमरच्या साखळ्या तोडतात. वरचा केसाइतका पातळ थर ठिसूळ होतो, त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि टाल्कचे कण उघडे पडतात. त्या भेगांवर उजेड विखुरला की आपल्याला पांढरं दिसतं. आत प्लास्टिक अजून काळंच असतं, वर असतो तो मेलेला थर.

शाइनर म्हणजे बहुतेक वेळा पाण्यात मिसळलेलं सिलिकॉन तेल. ते भेगांत भरतं म्हणून काळं दिसतं आणि शाम्पूने निघून जातं म्हणून परत पांढरं. तुमच्या शाइनरमध्ये खोट नाही. त्याचं काम तेवढंच आहे.

काही विकत घेण्याआधी एक परीक्षा करा. धुतलेल्या, कोरड्या फ्लेअरवर ओला हात फिरवा. ओलं असताना एकसारखं काळं दिसलं, तर थर फार खोल मेलेला नाही आणि पारदर्शक सिरॅमिक ट्रिम कोटिंग, म्हणजे सुकून कडक बसणारा पातळ थर, पुरेल. ओलं असूनही राखाडी झाक राहिली किंवा बोटाला पांढरी भुकटी लागली, तर आधी काळा रंगद्रव्य असलेला ट्रिम रिस्टोरर लागेल. भुकटी लागणाऱ्या प्लास्टिकवर थेट पारदर्शक कोटिंग लावलं, तर तो राखाडीपणा वर्षभरासाठी आत कोंडला जातो. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

पुढचं सगळं यश धुण्यावर आहे. आतापर्यंत लावलेलं सिलिकॉन त्या खरखरीत दाण्यांत बसलेलं असतं आणि त्यावर काहीच चिकटत नाही. ऑल पर्पज क्लीनर एकास चार पाणी या प्रमाणात घ्या, फवारा, दोन मिनिटं थांबा. सुकू देऊ नका. मग नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासा आणि फेस पाहा. पहिल्या वेळी तो तपकिरी-करडा निघतो. फेस पांढरा येईपर्यंत, म्हणजे तीन-चार वेळा, हेच करायचं. तारेची घासणी नको, ती दाणे कापते आणि तो डाग कुठल्याही कोटिंगखालून दिसतो. शेवटी पाणी मारा. पाणी एकसारखं पसरलं तर सिलिकॉन गेलं. थेंब गोळा होत असतील तर अजून आहे.

यानंतर घाई नको. दाणेदार पृष्ठभाग आणि क्लिपांच्या खाचा पाणी धरून ठेवतात. सावलीत रात्रभर ठेवा, सकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा आणि पंधरा मिनिटांनी कामाला लागा. पत्र्याच्या रंगाच्या कडेला मास्किंग टेप लावा, हातमोजे घाला. काळा रिस्टोरर असेल तर स्पंजवर चार-पाच थेंब घ्यायचे, एका वेळी वीतभर भाग करायचा, दाण्यांत चोळून जिरवायचा आणि जास्तीचा लगेच पुसायचा. जाड थर म्हणजे चांगला थर नव्हे. जाड लावलेला रंग सुकत नाही आणि पहिल्या पावसात पत्र्यावर काळे ओघळ येतात.

कोटिंग असेल तर तेच, फक्त दोन-तीन मिनिटांत कोरड्या मायक्रोफायबरने सारखं करायचं. एकदा ते बसलं की राहिलेला पट्टा घासल्याशिवाय निघत नाही. चार फ्लेअर आणि दोन बंपरांना साधारण ३० मिली लागतं. फार शोषणारं प्लास्टिक असेल तर दुसऱ्या हाताला आणखी २० मिली धरा. त्यानंतर २४ तास पाणी लागू देऊ नये. कोकणात हे काम दसऱ्यानंतरच काढावं. दमट हवेत कोटिंगवर धुरकट छटा येते.

असं केलेलं काम उघड्यावर उभ्या गाडीला वर्ष-दीड वर्ष टिकतं, सावलीत त्याहून जास्त. कायमचं काही नाही, कारण ऊन रोजचं आहे.

तुम्ही चिपळूणचे म्हणून एक गोष्ट आवर्जून. फ्लेअर काढल्याच आहेत तर मागचा पत्रा पाहा. तिथे चिखल साचून ओला राहतो आणि पुढून काही कळायच्या आत पत्रा सडतो. चिखल काढा, गंज घासा, प्रायमर आणि रंग मारा, सुकू द्या आणि मगच फ्लेअर बसवा. प्लास्टिक विटलं तर गाडी वाईट दिसते, पण मागचा पत्रा गेला तर फ्लेअर बसवायला जागाच उरत नाही.

प्रश्न: आमच्या पर्यटन केंद्रावर दोन जुन्या एटीव्ही, म्हणजे वाळूत पळवायच्या चारचाकी बाइक, आहेत. लाल फेंडर आता गुलाबी-पांढरे झालेत. नवे सुटे भाग मिळत नाहीत. काळा रंग मारून टाकावा का? (दिवेआगर)

रंग मारू नका. एटीव्हीचे फेंडर बहुधा पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचे असतात. ते वाकतात, आपटतात, त्यावर लोक पाय ठेवतात. तिथे रंग एका हंगामात सोलतो. उलट तुमच्याकडे एक मोठी सोय आहे: हा लाल रंगही आरपार आहे. मेलेला थर खरवडून काढला की खाली नवाकोरा लाल आहे. (आधी खात्री करा. खालच्या बाजूला ब्लेडने बारीक खरवडून पाहा. आतून दुसराच रंग निघाला, तर तुमचा फेंडर रंगवलेला आहे आणि पुढची रीत त्याला लागू नाही.)

फेंडर गाडीवरून उतरवा. पुश रिव्हेट, म्हणजे दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या, उपसताना मोडतात, दहा-बारा नवे आणून ठेवा. स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून काढा. धुवा, वाळवा.

आता रुंद कटर ब्लेड दोन्ही हातांनी पृष्ठभागाला काटकोनात उभं धरा आणि स्वतःकडे ओढा. ढकलू नका, ढकललं की पातं रुततं. सुरुवातीला पांढरी-गुलाबी भुकटी पडेल. पाच-सात वेळा ओढल्यावर भुकटी थांबून पेन्सिलच्या सालीसारखी बारीक, लाल, वळलेली साल निघू लागते. ती साल दिसली की मेलेला थर संपला, तिथे थांबा. हा थर मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढाच असतो, त्यामुळे फेंडर कमजोर होत नाही. वळणांत आणि खोबणीत पातं पोचत नाही, तिथे १८० नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून घासा.

मग वॉटर पेपर: २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००. बादलीत भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, पेपर सतत ओला ठेवा आणि हातानेच घासा. मशीन लावलं की हे प्लास्टिक घर्षणाने वितळून पेपरला गोळे धरतं आणि त्या गोळ्यांनी खोल ओरखडे येतात. नंबर गाळू नका. २२० वरून थेट ६०० वर गेलात, तर २२०चे ओरखडे शेवटच्या चकाकीत उठून दिसतील. प्रत्येक नंबरला आधीच्या आडव्या दिशेने घासलं, की मागचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. एका पुढच्या फेंडरला तीन-चार तास धरा. प्लास्टिकचा हा भुगा वाळूत किंवा ओहोळात जाऊ देऊ नका. खाली ताडपत्री घाला, पाणी फडक्यातून गाळा.

१००० नंतर फेंडर लाल, पण निस्तेज दिसेल. इथे हीट गनचा, म्हणजे तापलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राचा, एक हलका हात द्यायचा: तापमान ३५० अंशांच्या आसपास, अंतर १२ ते १५ सेंटिमीटर, हात सतत चालता. पृष्ठभागावरची लव विरघळते आणि डोळ्यांदेखत चमक येते. चमक आली की त्या जागेवरून लगेच पुढे. पॉलिइथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ‘अजून थोडं’ म्हणालात की कड लोंबलीच. आधी आतल्या बाजूला सराव करा.

गार झाल्यावर अतिनील किरणांपासून राखणारं प्लास्टिक प्रोटेक्टंट लावा आणि दर महिना-दीड महिन्याने परत. समुद्रकाठी उभ्या गाड्यांना साधी ताडपत्रीची सावली त्याहून जास्त उपयोगी. खोल खोचे राहतील, ते घालवायच्या नादात प्लास्टिक पातळ करू नका.

प्रश्न: नुसती हीट गन फिरवून बंपर नवा होतो असे व्हिडिओ दिसतात. खरं आहे का? (सांगली)

दिसतं ते खरं आहे, पण ते टिकत नाही. उष्णतेने वरच्या भेगा विरघळून बुजतात, म्हणून काळेपणा परततो. पण मेलेला थर तिथेच राहतो, त्यातली संरक्षक द्रव्यं संपलेली असतात, आणि काही महिन्यांत ऊन त्याला पुन्हा फोडतं. दोन-तीनदा केलं की दाणे सपाट होऊन तेलकट चमकीचे चट्टे पडतात. गेलेले दाणे कशानेही परत येत नाहीत.

करायचंच असेल तर सिलिकॉन पूर्ण धुऊन, पार्किंग सेन्सर, फॉग लॅम्प आणि रंगवलेला पत्रा यांपासून चार बोटं दूर राहून, जिथे पांढरेपणा फार आहे तिथेच करा आणि गार झाल्यावर लगेच कोटिंग लावा. वाकल्यामुळे आलेल्या पांढऱ्या रेषांवर मात्र हीट गन हाच चांगला उपाय. एबीएस या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकच्या भागांवर ती नको. ते शंभर अंशांच्या सुमारासच मऊ पडतं आणि आकार सोडतं.

प्रश्न: वॉशिंग सेंटरवाले काळ्या प्लास्टिकला डिझेल मारून देतात. घरी खोबरेल लावलं तर? कुणी अळशीचं तेलही सांगितलं. (बारामती)

डिझेल बंद करा. या प्लास्टिकमधलं रबर डिझेल शोषून फुगतं, दरवाजांच्या रबरी बीडिंगचंही तेच होतं. तेलकट थरावर धूळ बसून आठवड्यात परत पहिल्यासारखं, आणि पुढे कधी कोटिंग करायचं ठरवलं तर ते धरत नाही.

खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. थंडीतल्या सकाळी दाण्यांत पांढऱ्या रेघा दिसतात त्या त्याच्याच. नंतर ते चिकट होतं आणि खवट वास येतो.

उकळलेलं अळशीचं तेल त्यातल्या त्यात बरं, कारण ते सुकून पापुद्रा धरतं. पण तो पापुद्रा उन्हात पिवळट होतो आणि धूळ पकडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. फडकं पाण्यात बुडवून, पसरून उघड्यावर वाळवायचं. शक्यतो या वाटेला जाऊच नका.

प्रश्न: बोलेरोचा पांढरा पडलेला बंपर गॅरेजमध्ये काळा रंगवून घेतला. एका पावसाळ्यात पापुद्रे निघाले. पेंटर म्हणतो रंग चांगलाच होता. (नाशिक)

रंग चांगला असेलही. पॉलिप्रोपिलीन कुठल्याच रंगाला धरून ठेवत नाही, जसं पातेल्याच्या नॉनस्टिकला काही धरत नाही तसं. पत्र्याची रीत इथे चालत नाही. पापुद्र्याची मागची बाजू पाहा. ती गुळगुळीत आणि स्वच्छ असेल, तर प्लास्टिक प्रायमर, म्हणजे अॅडहेजन प्रमोटर, मारलेलाच नाही किंवा सिलिकॉनवर मारला गेला आहे. पापुद्र्याला राखाडी भुकटी चिकटलेली असेल, तर रंगाने पकडलं होतं, पण मेलेल्या थराला पकडलं होतं. तो थरच सुटून आला.

पुन्हा करायचं तर जुना रंग सगळा काढा. अर्धवट ठेवून कडा घासल्या तर त्याच कडांपासून परत सोलेल. पेंट रिमूव्हर किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचं थिनर ओतू नका. भाग एबीएसचा निघाला तर तो विरघळेल. खरवडून आणि ३२० पेपरने काढा. मग पहिल्या उत्तरातलं धुणं, सिलिकॉन रिमूव्हर, ४०० पेपर किंवा करड्या स्कॉचब्राइटने सगळीकडे मळकट होईपर्यंत घासणं, खोबणींतसुद्धा. पुन्हा सिलिकॉन रिमूव्हर, या वेळी एका कापडाने लावायचा आणि सुकायच्या आत दुसऱ्या स्वच्छ कापडाने उचलायचा. एकच कापड वापरलं तर घाण फक्त पसरते.

त्यानंतर पॉलिओलेफिनसाठीच्या, म्हणजे पॉलिप्रोपिलीन-पॉलिइथिलीनच्या कुळासाठीच्या, प्रमोटरचे दोन पातळ हात, मध्ये पाच-दहा मिनिटं. तो दिसत नाही म्हणून पेंटर जाड मारतात. जाड मारला की तोच मऊ थर होऊन सुटतो. डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत त्यावर रंग पडला पाहिजे. रंग पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, असेल तर त्यात लवचिकपणा देणारं फ्लेक्स अॅडिटिव्ह घाला. एनसी रंग आणि नेहमीची लांबी (पुट्टी) बंपर वाकला की तडकतात. दाणेदार फिनिश हवं असेल तर टेक्स्चर बंपर पेंट घ्या, तो ओरखडे लपवतो. हार्डनर मिसळलेल्या पीयू रंगाला नुसता रुमाल चालत नाही. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडतो, कामाला योग्य रेस्पिरेटर हवा. हे तुमच्या पेंटरलाही सांगा.

आठवड्याने आतल्या कोपऱ्यात ब्लेडने बारीक चौकडी पाडून टेप दाबा आणि झटक्याने ओढा. चौकोन टेपबरोबर आले नाहीत तर काम पक्कं. जो बंपर अजून कधीच रंगवलेला नाही, तो मात्र रंगवायच्या आधी कोटिंग करून पाहावा. एकदा रंग चढला की मूळ दाण्यांवर परत येणं फार कष्टाचं आहे.

प्रश्न: जिप्सीला बाहेरून बसवलेल्या रुंद फ्लेअर आहेत. त्या विटल्यात आणि हीट गनने काहीच फरक पडला नाही. (बेळगाव)

त्या फायबरच्या असणार. मागची बाजू खरखरीत, काचेचे धागे दिसणारी, आणि टिचकी मारली की आवाज कडक. यात प्लास्टिकसारखं वितळणारं काही नाही, हीट गनने उलट फोड येतील. वर जेलकोट, म्हणजे रंगीत रेझिनचा थर, आहे, तो विटलाय. ८००, १५००, २००० वॉटर पेपर, मग रबिंग कंपाउंड आणि मेण. घासताना धाग्यांची जाळी दिसू लागली तर जेलकोट संपला, तिथे थांबून प्रायमर आणि पीयू रंग. फायबर रंग छान धरतं, प्रमोटरची गरज नाही. धूळ अंगाला खाजते आणि छातीला वाईट, म्हणून ओलं घासा आणि मास्क लावा.

प्रश्न: दुबईत २०१२ची जीप रँग्लर वापरतो. कोटिंग केलं तरी पुढच्या फ्लेअर चार महिन्यांत पांढऱ्या, मागच्या ठीक. असं का? (दुबई)

तुमच्या पुढच्या फ्लेअरचं कोटिंग उन्हाने नव्हे, वाळूने जातंय. वाळवंटातून येणारी वाळू पुढच्या कडा पॉलिश पेपरसारखी घासते. कोटिंगवर कोटिंग चढवून उपयोग नाही. पुढच्या फ्लेअरच्या समोरच्या तोंडाला मॅट फिल्म लावता येते का पाहा, पण दाणेदार भागावर ती नीट चिकटत नाही. तिथे दर तीन-चार महिन्यांनी काळ्या रिस्टोररचा पातळ हात देणं हेच व्यवहार्य. काम तळघराच्या पार्किंगमध्ये, प्लास्टिक हाताला गार लागत असतानाच करा. गरम प्लास्टिकवर कोटिंग पसरायच्या आत सुकतं आणि पट्टे उमटतात. आणि फ्लेअर उतरवणार असाल तर क्लिपा आधी आणून ठेवा, उन्हात भाजलेल्या क्लिपा निघताना तुटतात.

प्रश्न: फ्लेअरच्या बोल्टच्या भोकापासून तडा गेलाय. फेव्हिक्विक आणि अॅराल्डाइट दोन्ही सुटलं. (कोल्हापूर)

ज्या कारणाने रंग धरत नाही त्याच कारणाने चिकटद्रव्यही धरत नाही. पॉलिप्रोपिलीन वितळवूनच जोडावं लागतं. आधी तड्याच्या अगदी टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर जोडल्यावरही तडा पुढे सरकेल. मागच्या बाजूने तड्यावर जाडीच्या दोन-तृतीयांश खोलीची इंग्रजी व्हीसारखी चर पाडा. त्याच प्रकारच्या प्लास्टिकची वेल्डिंग काडी किंवा तुटक्या फ्लेअरची कातरलेली पट्टी सोल्डरिंग आयर्नने चरीत वितळवा, दोन्ही काठ मिसळले पाहिजेत. नुसतं वर थापलेलं प्लास्टिक नखाने निघतं. वर स्टीलची बारीक जाळी गरम करून दाबली की जोर येतो.

प्रकार ओळखायला पाण्यात तुकडा टाकून पाहतात, पण त्यावर विसंबू नका. साधं पॉलिप्रोपिलीन तरंगतं, वीस टक्के टाल्क घातलेलं बुडतं. मागचा छाप वाचा.

तडा भोकापासूनच का जातो, तेही पाहा. प्लास्टिक उन्हात पत्र्याच्या पाच-सात पट पसरतं. मीटरभर लांबीची फ्लेअर सकाळपासून दुपारपर्यंत दोन-तीन मिलिमीटर वाढते. म्हणून एक भोक गोल आणि बाकीची लांबट ठेवलेली असतात. बोल्ट करकचून आवळला किंवा भोकं सिलिकॉनने बुजवली की तिला सरकायला जागा राहत नाही आणि ती भोकापाशी फाटते. दुरुस्तीनंतर रुंद वॉशर आणि त्याखाली रबरी वॉशर घाला. बोल्ट हाताला घट्ट लागेपर्यंत फिरवा, मग पान्याने पाव फेरा, त्याहून जास्त नको.